गॅरेजच्या बाई

दातांच्या कवळ्या बनवण्यात अर्धं आयुष्य घालवलं की माणसाला दुसरं नाव उरत नाही. इमारतीतल्या पोरांनी तिला कधीतरी ‘कवळीताई’ म्हटलं आणि ते इतकं चिकटलं, की नवराही लाडात आला की तेच म्हणायचा, आणि चिडला की तर हमखास. तिला त्याचं काही वाटत नसे. हात चांगला होता तिचा. मेणात दात बसवण्याआधी ती त्या माणसाचा जुना फोटो मागवून घ्यायची आणि एखादा दात मुद्दाम जरासा तिरपा लावायची. सगळेच एका रांगेत उभे राहिले की खोटे दिसतात, असं तिचं म्हणणं. तिनं केलेल्या कवळ्या घालून माणसं खदाखदा हसायची आणि शेजारी बसलेल्याला पत्ता लागायचा नाही.

तर ती ज्या कार्यशाळेत कवळ्या बनवायची, तिच्या मालकांनी एकदा सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की जागा बदलतेय. नवी इमारत, नवी यंत्रं, खिडक्यांतून भरपूर उजेड. फक्त हे सगळं द्रुतगती मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, पलीकडच्या शहराच्याही बाहेर. ज्यांना जमेल त्यांनी यावं, आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी... मालकांनी वाक्य तिथंच सोडलं आणि चष्मा पुसत बसले.

घर हलवणं शक्यच नव्हतं. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर कामाला; पंपघर काही सामानाबरोबर टेम्पोत घालून नेता आलं नसतं. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. म्हणून कवळीताईनं पहिले काही आठवडे बसनं काढले. दोन बस बदलाव्या लागत, आणि पहिली फाट्यावर पोचेपर्यंत दुसरी नेमकी धूळ उडवत निघालेली असे. संध्याकाळी घरात पाऊल टाकावं तर मुलगी जेवून, आपलं ताट धुऊन, पुस्तकावर डोकं टेकून पेंगत असायची. एकदा पेंगता पेंगताच ती म्हणाली, “आई, तू आता रविवारची आई झालीस गं.”

गमतीतच म्हणाली. पण कवळीताईच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं.

गाडी तिला चालवता येत होती. कार्यशाळेची खडखडणारी व्हॅन घेऊन ती वर्षानुवर्षं गावातल्या दंतवैद्यांकडं माल पोचवून यायची. प्रश्न गाडी मिळवण्याचा होता.

“स्वस्त हवी,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि भरवशाची हवी.”

“दोन्ही एकाच गाडीत?” नवरा म्हणाला. “मग वेळ लागेल.”

वेळ लागू नये म्हणून तिचा धाकटा भाऊ धावून आला. त्याला घरात सगळे सर्वज्ञ म्हणत. जगात असा विषय नव्हता ज्यावर त्याचं मत नव्हतं, आणि असं मत नव्हतं जे त्यानं स्वतःजवळ ठेवलं होतं. त्याच्या स्वतःच्या मालकीची एक स्कूटर होती, तीही बहुतेक वेळा जिन्याखाली उभी असायची.

“ताई, किती पळालीय ते बघू नकोस, कुठं पळालीय ते बघ,” तो पाय पसरून सांगायला लागला. “मोठ्या रस्त्यावर लांब लांब पळालेली गाडी चालेल. गावातल्या गावात क्लच दाबत रखडलेली नको. रोजचा लांबचा रस्ता म्हणजे इंजिन अगदीच चिमुकलं नको, नाहीतर वेग घेतला की किंचाळत बसतं. आणि दिसायला साधी, अगदी सगळ्यांकडं असते तशी. म्हणजे सुटे भाग कुठंही मिळतात.”

“हे कुठं वाचलंस?”

“अनुभव,” सर्वज्ञ म्हणाला.

पहिली गाडी त्यांनी एका विक्रेत्याच्या पटांगणात पाहिली. लालभडक, आरशासारखी चकचकीत, आत बसलं की अत्तराच्या दुकानात बसल्यासारखं. कवळीताईला ती पाहताक्षणी आवडली; स्टिअरिंगवर हात ठेवून तिनं स्वतःला आरशात बघूनही घेतलं. तेवढ्यात सर्वज्ञानं मागची डिकी उघडली, खालचा गालिचा उचलला आणि इस्त्रीच्या शर्टानिशी जमिनीवर उताणा पडून गाडीच्या पोटात डोकं घातलं.

“इकडं ये,” तो खालूनच ओरडला. “पत्र्याला सुरकुत्या आहेत बघ. मागून जबरदस्त ठोकलेली आहे.”

“कंपनीतून तशीच येते ती,” विक्रेता म्हणाला.

“कंपनी सुरकुत्या घालून देते? मग आमची आजी कंपनीचीच म्हणायची!”

सर्वज्ञ आयुष्यात पहिल्यांदाच बिनचूक ठरला होता, आणि त्यानंतरचा आठवडाभर त्याच्या शेजारी बसणं अशक्य झालं.

दुसरी गाडी एका तरुणाची होती. डिकीत सामानाऐवजी स्पीकर होते आणि मागच्या नळीतून वाघ गुरगुरायचा. मोठ्या रस्त्यावर जरा वेग घेतला तर स्टिअरिंग असं थरथरायला लागलं, की कवळीताईचे स्वतःचे दात वाजायला लागले. “माझ्या एखाद्या गिऱ्हाइकाला बसवलं असतं, तर हातात आली असती त्याची कवळी,” ती म्हणाली आणि किल्ली परत दिली.

तिसऱ्या गाडीची चिठ्ठी तिला औषधाच्या दुकानातल्या फळ्यावर दिसली. ‘गाडी विकणे आहे. एकाच घरात वापरलेली. फक्त दुपारी भेटावे.’ त्या ‘फक्त दुपारी’चं तिला नवल वाटलं, पण तिनं अर्धा दिवस रजा टाकली आणि भावाला घेऊन गेली.

घंटी वाजवायच्या आतच एक किडकिडीत, चटपटीत म्हातारी जिना उतरून खाली आली. हात ओलेच होते, किल्ली पदराआड धरलेली. “हळू बोला हं,” ती म्हणाली. “हे झोपलेत वर.” तिनं गाडीवरचं कापड ओढून काढलं.

गाडी दिसायला अगदीच सामान्य होती. शिळ्या चहाचा रंग, खोक्यासारखी चौकोनी. पण चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकसारखे झिजलेले. दार लावलं की ते खुळखुळत नव्हतं, चांगल्या कपाटासारखं ठप्प बसत होतं. थंड इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं आणि सुरू झाल्याचा गाजावाजाही केला नाही. मोठ्या रस्त्यावर तर कवळीताई हरखूनच गेली. हात सैल सोडला तरी गाडी सरळ जात होती, आणि सीट पाठीला अशी लागत होती, जणू कुणीतरी मापं घेऊन केली असावी.

शेजारी सर्वज्ञ मात्र तोंड पाडून बसला होता. त्याला एकही खोट सापडत नव्हती. “काहीतरी असणार,” तो पुटपुटत राहिला. “ही किंमत आणि ही गाडी. काहीतरी असणारच.” शेवटी उतरताना त्याला डाव्या अंगाला एक लांब ताजा ओरखडा आणि गोंदानं चिकटवलेला आरसा सापडला, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

परत आले तर गाडीच्या रिकाम्या जागेत एक उंच म्हातारा काठी टेकून उभा होता. अंगात घरातला सदरा, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. म्हातारी त्याच्या मागं उभी राहून कवळीताईला हातानं खुणा करत होती.

“गाडी कुठं होती?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“सर्व्हिसिंगला दिली होती ना, सांगितलं की मी!” म्हातारी घाईनं म्हणाली. “या गॅरेजच्या बाई आहेत. आणि हे... त्यांचे मदतनीस.”

सर्वज्ञाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण म्हातारा एकदम खुलला. “बाई गॅरेज चालवतात? वा! चला वर, चहा घ्या. क्लच कसा वाटला?”

 “हलका आहे,” कवळीताई म्हणाली. ते खरंच होतं.

चहा होईस्तोवर म्हाताऱ्यानं गाडीची जन्मकथा सांगितली. तो जमीन मोजणीच्या खात्यात होता. याच गाडीत साखळ्या, काठ्या, दुर्बीण टाकून तो माळरानं आणि डोंगर पालथे घालत फिरला होता. “सकाळी तिला घाई करायची नाही, बाई. दोन मिनिटं आपलं आपलं बोलू द्यायचं. मग दिवसभर तक्रार नाही.” बोलताना तो कवळीताईकडं बघत नव्हता; तिच्या कानापलीकडं कुठंतरी बघत होता. कप उचलायला हात नेला तोही कपाच्या शेजारी, मग चाचपत कपाच्या कानाशी. “डोळ्यांचं जरा चाललंय,” तो म्हणाला. “उपचार संपले की परत रस्त्यावर. तोवर तिला नीट ठेवा.”

खाली सोडायला आलेली म्हातारी ओरखड्यापाशी थांबली.

“काकू,” कवळीताई म्हणाली, “त्यांना माहीत नाही?”

“कसं सांगू? डॉक्टरांनी सांगितलं, यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी माझा डोळा चुकवून गाडी काढली. मुलानं परदेशातून फोनवर सांगितलं, तर त्याच्याशी बोलणं टाकलं. हा ओरखडा शाळेसमोरच्या खांबाचा आहे. खांब म्हणून निभावलं. उद्या खांब नसेल, पोर असेल.” तिचा आवाज चिरका झाला. “गाडी कागदावर माझ्याच नावानं आहे. शनिवारी तुम्ही दुरुस्तीच्या कामाला म्हणून घेऊन जा. मग फोन करा, सांगा की इंजिन गेलं, दुरुस्त होण्यातली नाही, भंगारात काढावी लागली. थोडे दिवस हळहळतील. मेलेल्यावर माणूस रागवत नाही.”

घरी त्यावर मोठी चर्चा झाली. सर्वज्ञाचं मत तयारच होतं. “डोळे मिटून घे. तुला गाडी हवी, त्यांना ती घालवायचीय. आणि काय बोलायचं तेही सांगतो. हेड गेलं म्हण, इंजिनाचं डोकं. हेड गेलं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.”

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “गाडी घेतेयस की दुसऱ्याचा संसार?”

कवळीताईनं अंथरुणावर पडल्या पडल्या पुष्कळ विचार केला. लबाडी ही नाहीच, असं तिनं मनाशी ठरवलं. आपण जन्मभर दुसरं काय केलं? लोकांच्या तोंडात खोटं बसवलं, आणि ते इतकं नीट बसवलं की माणसं त्या खोट्यानं सुखानं जेवली. म्हाताऱ्याचंही तसंच. त्याला हळहळ, म्हातारीला झोप, रस्त्याला सुटका आणि आपल्या मुलीला रोजची आई. यात वाईट कुणाचं होतंय? सकाळपर्यंत तिची खात्री पटली होती. निदान पटल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी ती एकटीच गेली. किल्ली घेतली, गाडी सुरू केली, आणि सुटले म्हणेपर्यंत शेजारचं दार उघडलं. म्हातारा कडक इस्त्रीचे कपडे आणि पॉलिश केलेले बूट घालून आत बसला.

“मीही येतो गॅरेजपर्यंत. बघू तरी तुमचं काम कसं चालतं.”

म्हातारी धावत आली. “अहो, उतरा! बाईंना कामं आहेत.”

“मग मी काय त्यांच्या मांडीवर बसतोय?” म्हातारा म्हणाला आणि त्यानं पट्टा लावला.

म्हातारीनं खिडकीतून कवळीताईकडं बुडणाऱ्यानं काठावरच्याकडं बघावं तसं पाहिलं. पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडी निघाली. नसलेल्या गॅरेजकडं.

कुठं जावं? पहिल्या चौकात ती डावीकडं वळली, दुसऱ्यातही डावीकडं. तिसऱ्यात तिच्या ध्यानात आलं, की असंच चाललं तर आपण पुन्हा त्यांच्याच दारात पोचू. तेव्हा तिनं सरळ मोठा रस्ता धरला. तिथं निदान थांबावं लागणार नव्हतं.

“गॅरेज गावाबाहेर दिसतंय,” म्हातारा म्हणाला.

“हो, जरा लांब आहे.”

“जागा स्वस्त मिळाली असेल. आता दाबा जरा. भिऊ नका, ती तिसऱ्या गिअरातच मोकळी होते.” गाडी वेगानं मोठ्या रस्त्याला लागली तसा तो मागं रेलला. चाकांचा आवाज जरा बदलला तेव्हा म्हणाला, “हा कालव्यावरचा पूल.” आणि थोड्या वेळानं, “आता उजवीकडं टेकडी यायला हवी. ती मी मोजलीय. नकाशात होती त्यापेक्षा बरीच बुटकी निघाली.” उजवीकडं टेकडी आली. 

“आता सांगा,” तो म्हणाला, “हिला झालंय काय? मघापासून कान देऊन ऐकतोय. इंजिन नीट, गिअर नीट, कुठं टकटक नाही, कुरकुर नाही. बिघाड आहे कुठं?”

शब्द तयार होते. हेड गेलंय. दोनच शब्द, त्यात भावानं दहादा घोकून घेतलेले. पण तिच्या तोंडून ते निघेनात. एखाद्यानं वर्षानुवर्षं जपलेल्या, जिथल्या तिथं बसवलेल्या वस्तूला बिघडलेली म्हणायचं, आणि तेही ती वस्तू गुमान आपलं काम करत असताना, त्याच माणसाच्या तोंडावर! तिच्या एका चांगल्या कवळीला कुणीतरी वाईट म्हणालं होतं तेव्हा ती दंतवैद्याच्या खोलीत जाऊन भांडली होती. हात चांगला असलेल्या माणसाला ही एक गोष्ट जमत नाही.

“गाडीत काही बिघाड नाही, काका.”

“मग गॅरेजला कशाला?”

“मी गॅरेजची नाही. मी दातांच्या कवळ्या बनवते. गाडी विकत घ्यायला आले होते.”

 रस्त्याकडेच्या पाट्या एकामागून एक मागं गेल्या.

“तिनं सांगितलं असं बोलायला?”

“हो.”

“आणि मला काय सांगणार होतात?”

“हेड गेलं म्हणून.”

“हेड!” त्यानं नाकातून एक आवाज काढला, हसू होतं की काय ते कळलं नाही. “थांबवा गाडी.”

पुढं ट्रकवाल्यांसाठी थांबायची रुंद जागा होती. तिथं तिनं गाडी घेतली. म्हातारा उतरला, बॉनेटवरून हात फिरवत फिरवत वळसा घालून तिच्या दाराशी आला आणि त्यानं दार उघडलं. “उतरा.”

कवळीताई उतरली, पण उतरताना किल्ली काढून मुठीत घट्ट धरली. तो तिच्या जागी बसला. सीट मागं सरकवली, आरसा सरळ केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. ते हात तिथं अगदी सहज पडले.

“किल्ली.”

“नाही देणार.”

“गाडी माझी आहे.”

“आहे. तरी नाही देणार, काका.”

तिला वाटलं आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. बाजूनं गाड्या सुसाट जात होत्या आणि प्रत्येकीसरशी ही गाडी किंचित हलत होती. म्हातारा समोरच्या काचेतून बघत होता.

“समोर काय आहे?” त्यानं विचारलं.

“ट्रक उभा आहे. निळा.”

“कुठं?”

“समोर. अगदी समोर.”

त्यानं मान डावीकडं कलती केली, मग उजवीकडं. डोळे बारीक केले, मोठे केले. पुढं वाकून काचेला नाक लावण्याइतका जवळ गेला. पुन्हा मागं आला. बराच वेळ असं चाललं होतं, आणि कवळीताईला तिथं उभं राहवेना आणि तिथून हलवेनाही.

“मला रस्ता दिसतोय,” तो शेवटी म्हणाला. “दोन्ही कडा दिसतात. ते झाड दिसतंय, तो खांब दिसतोय.” त्यानं पुन्हा सरळ समोर पाहिलं. “ट्रक नाही दिसत.”



“शाळेपुढं खांब होता म्हणाली ती. मी म्हटलं, खोटं बोलतेय, मला घरात बसवायला.” त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “पोरं सुटली होती का तेव्हा?”

“मला नाही माहीत, काका.”

“सुटली होती,” तो म्हणाला. “आवाज येत होता.”

मग तो उतरला, तसाच चाचपत दुसऱ्या बाजूला गेला आणि बसला. परतीच्या वाटेवर त्यानं पूल आला तेही सांगितलं नाही आणि टेकडीचंही नाव काढलं नाही. घरी पोचल्यावर काठी न घेताच जिना चढून गेला. वर दार लागल्याचा आवाज आला.

म्हातारीला एका नजरेत सगळं कळलं. ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. किल्ली घ्यायला हात पुढं करून ती एवढंच म्हणाली, “तुमचं मन हलकं झालं ना? छान झालं. तुम्ही आता तुमच्या घरी जाल. मी या घरात जाणार आहे.”

कवळीताईनं किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि बसचा थांबा गाठला.  नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं तिच्यापुढं चहाचा कप सरकवला आणि आपलं तोंड बंद ठेवलं, याबद्दल ती त्याची मनापासून ऋणी राहिली. सर्वज्ञ मात्र कपाळ बडवत होता. “हातातोंडाशी आलेला घास! दोन शब्द म्हणायचे होते, दोन शब्द!”

पुन्हा त्या दोन बस सुरू झाल्या. मधे एक दुसरी गाडी बघून झाली; बरी होती, पण पहिल्या गिअरला रडत होती. कवळीताईनं नाही म्हटलं, आणि नाही का म्हटलं ते स्वतःला विचारलं नाही.

एका दुपारी ती मेण तापवत असताना फोन वाजला.

“गॅरेजच्या बाई आहेत का?”

तिनं हातातली सुरी खाली ठेवली. “काका?”

“गाडी हवीय का अजून?”

“हवीय.”

“हिनं किंमत काय सांगितली होती?”

तिनं सांगितली.  म्हातारा कडाडला, “एवढ्यात? एवढ्यात तिचे टायर येतात का? ही बाई मला विचारल्याशिवाय माझी गाडी विकते ते एक असो, पण भंगाराच्या भावात?” आणि त्यानं स्वतःचा आकडा सांगितला.

“काका, पण किंमत ठरली होती आपली.”

“ती गॅरेजच्या बाईंशी ठरली होती. तुम्ही तर कवळ्या बनवता.”

 तरी तिनं घासाघीस केली, आणि म्हाताऱ्यानंही अशी चिवट घासाघीस केली, की बोलता बोलता त्याचा आवाज तरतरीत होत गेलेला तिला ऐकू आला. शेवटी दोघं मधे कुठंतरी भेटले. टोलसाठी बाजूला ठेवलेले पैसेही त्यात गेले. “खरं बोलून वर जास्तीची किंमत मोजणारी जगात तूच एकटी,” सर्वज्ञ म्हणाला, आणि ही गोष्ट तो पुढं ज्याला त्याला सांगत सुटला. ऐकणाऱ्याला वाटावं, सल्ला त्याचाच होता.

गाडी द्यायला म्हातारा खाली आला. म्हातारी आली नाही. त्यानं कागद दिले, डिकीतली जुनी कापडं कुठली कशाला वापरायची ते सांगितलं, टपावर दोनदा थोपटलं आणि ती निघायच्या आधीच पाठ फिरवून जिन्याकडं गेला. हात करावा की नाही या विचारात कवळीताईनं शेवटी हॉर्नही वाजवला नाही.

गाडी भरवशाची निघाली का, असं पुढं तिला पुष्कळांनी विचारलं. निघाली. म्हणजे गाडी ती गाडीच. एकदा भर रस्त्यात तिची बॅटरी बसली आणि टोलवरच्या माणसांनी हसत हसत ढकलून दिली. पण एरवी ती सकाळी जरा आपलं आपलं बोलून निघायची आणि संध्याकाळी मुलीच्या जेवणाआधी कवळीताईला दारात आणून सोडायची. मायलेकी पुन्हा एका ताटाशी भांडायला लागल्या.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी, कार्यशाळेच्या आवारात गाडी लावत असतानाच, म्हातारीचा फोन आला. कवळीताईनं लगेच घेतला.

“चालतेय ना गाडी?” म्हातारीनं विचारलं.

“चालतेय, काकू. काका कसे आहेत?”

“पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. धड जेवले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. तुम्ही बरोबर केलंत असं मी कधी म्हणणार नाही, सांगून ठेवते. ते दिवस मी एकटीनं काढलेत.”

“हो,” कवळीताई म्हणाली. 

“आता बसनं हिंडतात. मला बरोबर घेतात, पण रस्ता विचारत नाहीत. परवा भलत्याच थांब्यावर उतरवलं आणि वर म्हणाले, नकाशाच चुकीचा आहे.”  पलीकडं भांड्यांचा आवाज झाला. “गाडी जाईपर्यंत मी रोज किल्ली उशीखाली घेऊन झोपत होते. कूस बदलली की टोचायची. टोचली की बरं वाटायचं, जागेवर आहे म्हणून. परवा सकाळी उठले तर उन्हं आत आली होती. एवढा वेळ मी कधी झोपले होते ते आठवेना.”

“काकू...”

“एवढंच सांगायचं होतं. ठेवते. दूध उतू जाईल.”

कवळीताई जरा वेळ गाडीतच बसून राहिली. शेजारच्या जागेत मालकांची गाडी येऊन लागली, मालकांनी काचेतून हात केला, तिनंही केला. मग डबा आणि पिशवी उचलून ती उतरली, दार लावलं आणि कामाला गेली. त्या दिवशी तिच्यापुढं एका शिक्षिकेची कवळी होती, आणि फोटोत तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता.